नाका की माळ: लहान शहराच्या सभागृहाची जागा

लहान शहरात सार्वजनिक सभागृह बांधायचे ठरले की पैशापेक्षा आधी जागेवरून वाद होतो. पैसा बहुधा बाहेरून येतो: जिल्हा वार्षिक योजनेतून, आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून किंवा नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी मिळणाऱ्या राज्याच्या अनुदानातून. जागा मात्र गावालाच द्यावी लागते, आणि गावातली कोणतीही जागा कोणाच्या तरी दारात आणि कोणापासून तरी लांबच असते. रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही तालुक्याची शहरे या प्रश्नाचा अभ्यास करायला सोयीची आहेत. २०११च्या जनगणनेनुसार पेणची लोकसंख्या सुमारे ३८ हजार, तर रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार. पेणच्या अंगावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. रोहा आणि अष्टमी कुंडलिका नदीच्या समोरासमोरच्या काठांवर वसले आहेत. दोन्हीकडे खाडी, डोंगर आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस यांच्या मधोमध जी काही सपाट जमीन उरते तिच्यावर घरे, शेती, कारखाने आणि रस्ते अशा सगळ्यांचाच डोळा असतो.

जागेकडे वळण्यापूर्वी इमारतीत काय होणार हे ठरावे लागते. हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. ठरावात ‘बहुउद्देशीय सभागृह’ असे लिहिले की सगळ्यांचे समाधान होते, कारण प्रत्येक जण त्यात आपापला उद्देश वाचतो. पण लग्नाचे कार्यालय, नाट्यगृह, वाचनालय-अभ्यासिका आणि महिला बचत गटाच्या बैठकीची खोली यांना लागणाऱ्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत. लग्नाला स्वयंपाकघर, पंगत, मोटारी उभ्या करायला मोकळे पटांगण आणि वाजंत्री लागते. सराईचे मुहूर्त वर्षातल्या काही आठवड्यांत गर्दी करतात, एरवी दालनाला कुलूप असते. अभ्यासिकेला रोजची शांतता हवी आणि घरापासून चालत जाण्याइतके अंतर हवे. नाटकाला रंगमंच, उंच छत आणि ट्रकमधून सामान उतरवायला मागचा रस्ता लागतो, पण प्रयोग महिन्यातून फार तर चार. बचत गटाच्या बैठकीला तीस माणसांची खोली आणि संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिवे असले तरी पुरते. ही सगळी कामे एकाच छपराखाली घातली की लग्नाच्या तारखा बाकीच्यांना बाहेर काढतात, कारण भाडे त्यांच्याकडून मिळते.

शहर-नियोजनाची प्रचलित मानके याच दिशेने बोट दाखवतात. केंद्र सरकारच्या २०१४च्या नागरी नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत पाच हजार लोकवस्तीमागे ७५० चौरस मीटर जागेवर एक समाजखोली आणि पंधरा हजार लोकवस्तीमागे २,००० चौरस मीटर जागेवर एक समाजगृह, मंगल कार्यालय किंवा वाचनालय सुचवले आहे. कोकणातल्या मोजणीत सांगायचे तर पहिल्याला साडेसात गुंठ्यांच्या आसपास आणि दुसऱ्याला वीस गुंठे. हा हिशेब पेणला लावला तर दोन-तीन मध्यम सभागृहे आणि सात-आठ छोट्या खोल्या येतात. रोह्याला एक सभागृह आणि चार खोल्या. म्हणजे ‘सभागृह कुठे’ असे विचारण्याआधी ‘किती’ हे विचारायला हवे. व्यवहारात एकच मोठी इमारत उभी राहते. सात ठिकाणच्या सात खोल्यांना एक मोठी कोनशिला बसवता येत नाही, हे त्यामागचे एक कारण मानायला हरकत नाही.

जागा निवडण्यामागचे गणित जुने आहे. जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली कारखान्याची जागा वाहतुकीचा एकूण खर्च किमान करून कशी शोधावी हे मांडले. पुढे हीच पद्धत शाळा, दवाखाने आणि अग्निशमन केंद्रे यांना लागू झाली. लहान शहरासाठी ते गणित कागदावर सोडवता येते. समजा एका सरळ रस्त्यावर तीन वस्त्या आहेत: जुन्या गावात ६०० कुटुंबे, तिथून एक किलोमीटरवर २०० आणि तीन किलोमीटरवर आणखी २००. नकाशावर सरासरी काढली तर सभागृह जुन्या गावापासून ८०० मीटरवर येते आणि सगळ्या कुटुंबांच्या एका फेरीचे अंतर मिळून ९६० किलोमीटर होते. तेच सभागृह जुन्या गावातच ठेवले तर बेरीज ८०० किलोमीटर. सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर कमीत कमी व्हावे म्हणून ते दोन टोकांच्या बरोबर मध्ये, दीड किलोमीटरवर नेले तर बेरीज १,३०० किलोमीटर होते, पण कोणालाच दीड किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागत नाही. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण तीन वेगळे प्रश्न सोडवले आहेत. नेहमीच्या वापराच्या वाचनालयाला एकूण चाल कमी करणारी जागा योग्य, तर पुराच्या रात्री आसरा देणाऱ्या इमारतीला टोकाच्या माणसाचे अंतर महत्त्वाचे. नकाशावरची सरासरी मात्र या दोन्हींपैकी काहीच साधत नाही, आणि नगरपरिषदेच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावून बोट ठेवले जाते ते बहुधा तिच्यावरच.

या शास्त्रातला आणखी एक निष्कर्ष गावाच्या अनुभवाशी जुळतो. १९६४ साली एस. एल. हकिमी यांनी सिद्ध केले की रस्त्यांच्या जाळ्यात एकूण अंतर किमान करणारी जागा शोधायची तर फक्त वस्त्या आणि रस्ते मिळतात ती ठिकाणे तपासली तरी पुरे. दोन नाक्यांच्या मधल्या निर्जन पट्ट्यात याहून चांगली जागा सापडत नाही. जुन्या गावांची चावडी, बाजार आणि देवळापुढची मोकळी जागा नाक्यावर का असते याचे कारण त्यात आहे. उलट नगरपरिषदेला फुकट किंवा स्वस्तात मिळणारी जागा बहुधा अशाच मधल्या पट्ट्यात, गावाबाहेरच्या माळावर असते. ती जमीन स्वस्त असण्याचे कारण तिथे कोणी चालत जात नाही हेच. वाचलेला पैसा पुढची पन्नास वर्षे गावकरी रिक्षा आणि मिनीडोअरच्या भाड्यातून फेडत राहतात.

पेणमध्ये ही ओढाताण ठळक दिसते. कासार आळी, कुंभार आळी असे जुने गाव दाट वस्तीचे आहे. तिथे गणपतीचे कारखाने आहेत, आणि मूर्तींच्या वाहतुकीचे दिवस आले की अरुंद आळ्यांतून टेम्पो निघायला वेळ लागतो. हमरापूर, जोहे, कळवे या तालुक्यातल्या गावांतही हा धंदा पसरलेला आहे. गणेशोत्सवापूर्वीचे महिने शहरातली मोकळी जागा आणि आच्छादलेले छप्पर मूर्ती ठेवायला व वाळवायला हवे असते. वर्षातला काही काळ सभागृहाचा या कामासाठी उपयोग होऊ द्यायचा का, हा पेणपुरता खास प्रश्न आहे. त्याचे उत्तर जागा निवडताना दिले नाही तर ते पुढे मांडव घालणाऱ्यांशी भांडून द्यावे लागते. दुसरीकडे महामार्गाचा भाग, एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय असलेली रामवाडी आणि रेल्वे स्थानक यांच्या बाजूला नवी वस्ती वाढते आहे. मोठी लग्ने, प्रदर्शने, शासकीय मेळावे यांना हीच बाजू सोयीची, कारण बाहेरगावची माणसे गाडीने येतात. पण पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटर पट्ट्याचे चौपदरीकरण एक तपाहून अधिक रखडलेले पाहता, रोज संध्याकाळी शाळकरी मुलांनी किंवा म्हाताऱ्या माणसांनी तो महामार्ग ओलांडून वाचायला जावे अशी योजना करणे धाडसाचे आहे. पेणसाठी म्हणून कार्यालय आणि अभ्यासिका वेगळ्या करणे हाच बरा मार्ग दिसतो: पहिले रस्त्याच्या बाजूला, दुसरी जुन्या गावात.

रोह्याचा प्रश्न पुलाचा आहे. नगरपरिषदेचे नावच ‘रोहा-अष्टमी’ असे दोन काठांचे आहे, आणि एका काठावरून दुसऱ्यावर जायला पूल गाठावा लागतो. हवेतून मोजलेले दोनशे मीटरचे अंतर रस्त्याने सहज चौपट होऊ शकते. त्यामुळे नकाशावर वर्तुळे काढून जागा ठरवण्याची पद्धत नदीकाठच्या गावाला फसवते. अंतर रस्त्याने, पुलावरून आणि पावसाळ्यात मोजावे लागते. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना दिली जाते आणि त्या वेळी गावातल्या रस्त्यांवर दुसऱ्या कशालाच वाव नसतो. सभागृह पालखीच्या मार्गावर असणे सोयीचे की गैरसोयीचे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. धाटावची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने आणखी एक मुद्दा येतो. रासायनिक अपघातांच्या तयारीसाठी १९९६ च्या केंद्रीय नियमांनुसार कारखान्यांबाहेरच्या वस्तीचाही आराखडा लागतो, आणि त्यात लोकांना हलवायची ठिकाणे आधीच ठरवावी लागतात. सार्वजनिक सभागृह हे त्यांतले पहिले ठिकाण असते. वाऱ्याची दिशा न पाहता निवडलेली जागा तिथे निरुपयोगी ठरते.

रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रकारची एक संस्था उभी केली होती, पण दिल्लीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे अर्थमंत्री झालेले देशमुख इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक-अध्यक्ष होते. जोसेफ स्टाइन यांनी आखलेली ती वास्तू १९६२ साली लोदी उद्यानाला लागून उघडली. विद्वानांच्या चर्चेला ती जागा उत्तम आहे. चालत येणारा शेजारी तिथे गृहीत धरलेला नाही, आणि धरायचे कारणही नव्हते. लहान शहरातल्या सभागृहाची परीक्षा नेमकी तिथून सुरू होते.

पाण्याचा विचार कोकणात शेवटी करून चालत नाही. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि रोहा तालुक्यातले नागोठणे यांना तडाखा दिला. त्यानंतर २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये जिल्ह्याने पुन्हा पूर आणि दरडी पाहिल्या. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात नद्यांच्या पातळ्या जाहीर करते: कुंडलिकेची धोक्याची पातळी डोलवहाल बंधाऱ्याजवळ २३.९५ मीटर, अंबेची नागोठण्याला ९ मीटर, सावित्रीची महाडला साडेसहा मीटर. प्रत्येक नदीची मोजपट्टी वेगळी असल्याने हे आकडे एकमेकांशी तोलायचे नसतात. आपल्या गावच्या आकड्याशी जमिनीची उंची ताडून पाहायची असते. कुंडलिकेला आणखी एक विशेष आहे. १९२७ मध्ये सुरू झालेल्या भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज काढून झालेले पाणी तिच्यात येते, म्हणून उन्हाळ्यातही ती कोरडी पडत नाही आणि तिचा काठ बारमाही देखणा राहतो. देखण्या काठावर सार्वजनिक इमारत उभारण्याचा मोह त्यामुळे स्वाभाविक आहे.

त्या मोहाला पूररेषा आडवी येते. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पाण्याखालच्या पट्ट्यात, बांधकाम निषिद्ध आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात ते नियंत्रित आहे. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बगिचा, घाट किंवा खेळाचे मैदान नदीकाठी शोभते, पण ज्या इमारतीत पुराच्या रात्री माणसे आणायची ती लाल रेषेबाहेरच हवी. तिच्याकडे जाणारा रस्ताही त्या रात्री कोरडा असायला हवा. हा दुसरा भाग बहुतेक अहवालांत सापडत नाही. पेणच्या खाडीकडच्या बाजूला अडचण वेगळी आहे: खारभूमीची चिकण माती, भराव, भरतीचे पाणी. तिथे जमीन स्वस्त पडली तरी पाया महाग पडतो, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या मंजूर नकाशात तो सर्व्हे नंबर कुठे येतो हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शेजाऱ्यांचा आक्षेप बहुतेक वेळा आवाजाबद्दल असतो आणि तो रास्तही असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद सभागृहात आतल्या आत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाला सूट आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या परिसरात, म्हणजे १०० मीटरपर्यंत, ती आणखी कमी आहे. तालुक्याच्या गावात न्यायालय, ग्रामीण रुग्णालय, हायस्कूल ही सगळी जुन्या वस्तीतच असतात, त्यामुळे मध्यवर्ती जागेवर उघड्या पटांगणातले लग्न बसवायला वावच उरत नाही. बंद, चांगल्या भिंतीचे दालन मात्र बसते. पुन्हा तोच निष्कर्ष निघतो की वाजंत्री माळावर जावी आणि वाचन नाक्यावर राहावे.

नाक्यावर नवी जमीन नसेल तर जुनी इमारत शोधता येते. १९०७ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात एडवर्ड वॉर्ड यांनी शाळांच्या इमारती संध्याकाळी प्रौढांसाठी उघडून सभा, व्याख्याने आणि व्यायामासाठी वापरायला सुरुवात केली. पटसंख्या घटलेल्या नगरपरिषद शाळांचे रिकामे वर्ग कोकणातल्या अनेक गावांत आहेत, आणि ते बहुधा मोक्याच्या जागी आहेत. त्यांच्या दुरुस्तीचे काम भूमिपूजनाइतके दिसत नाही, एवढाच त्यांचा दोष.

जागा कोणाची आहे, यावर तिथे कोण पाऊल टाकू शकेल हे अवलंबून असते. याचा सर्वांत स्पष्ट दाखला याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला मिळाला. सार्वजनिक पाणवठे आणि इमारती सर्वांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. तरीही डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालच्या सत्याग्रह परिषदेला गावात मंडपापुरती जमीन मिळेना. अखेर फत्तेखान या गृहस्थांनी आपली खासगी जागा दिली आणि परिषद तिथे झाली. कागदावर खुले असलेले गाव आणि प्रत्यक्षात खुली असलेली जमीन यांतले अंतर तिथे दिसले. तळ्याचा वाद न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. आजही एखाद्या समाजाच्या आवारात, देवस्थानाच्या जमिनीवर किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या संस्थेशेजारी सभागृह बांधले तर कोणालाही मज्जाव न करता काही माणसे आपोआप तिथे यायची थांबतात. दुसऱ्या टोकाला, नागरी वस्ती सुधारणेच्या योजनांतून वस्तीवस्तीत बांधलेली समाजमंदिरे असतात. ती त्या वस्तीला जवळची, पण बाकीचे गाव तिथे फिरकत नाही. सर्वांची म्हणून जी जागा निवडायची ती बाजार, एसटी स्थानक, तहसील कचेरी यांसारख्या, सगळ्यांची पावले आधीपासून पडतात अशा ठिकाणाजवळ असणे हाच यावरचा सर्वांत व्यवहार्य उपाय आहे.

कायद्याने पाहता जागेचा निर्णय सभागृहाच्या ठरावापूर्वी बरीच वर्षे झालेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नगरपरिषद विकास आराखडा करते आणि त्यात सार्वजनिक उपयोगासाठी भूखंड आरक्षित करते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शासन मंजुरी देते. वीस वर्षांतून एकदा तरी आराखडा सुधारायचा असतो. जागेबद्दल बोलण्याची खरी संधी ते तीस दिवस असतात, आणि त्या दिवसांत हरकती येतात त्या मुख्यतः ज्यांची जमीन जाते त्यांच्या. ज्यांना सभागृह वापरायचे आहे ते तेव्हा गप्प असतात. भूमिपूजनाची पत्रिका छापली की बोलू लागतात.

आरक्षण कायमचे टिकत नाही. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या चोवीस महिन्यांत संपादनाची ठोस पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभावाच्या जवळपास दुप्पट मोबदला द्यावा लागतो. लहान नगरपरिषदेला तो झेपत नाही, म्हणून आरक्षणे संपतात आणि नाक्यावरचे भूखंड इमारतींखाली जातात. त्यावर तोड म्हणून विकास हक्क हस्तांतरणाचा किंवा समावेशक आरक्षणाचा मार्ग आहे. दुसऱ्या मार्गात मालक भूखंडाचा काही भाग स्वतः विकसित करतो आणि बांधलेले दालन नगरपरिषदेच्या ताब्यात देतो. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तशी तरतूद आहे. दुकानांच्या वरच्या मजल्यावरचे असे दालन भव्य नसते, पण नाक्यावर असते. त्याला उद्वाहक आणि उतरण मात्र हवी, कारण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारत सर्वांना वापरता येण्याजोगी असणे बंधनकारक आहे.

लोकांना विचारायचे कसे, याचा एक वेगळाच अनुभव पेण तालुक्याने घेतला आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनाबाबत २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत चाचणी घेण्यात आली. प्रश्न सभागृहापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि त्या चाचणीचा अधिकृत निकाल जाहीर झाला नाही. पण तिच्यातून पद्धतीबद्दल शिकता येते. विचारणा जमीनधारकांकडे होती. त्याच शिवारात राबणारा भूमिहीन मजूर तिच्या बाहेर होता. सभागृहाच्या बाबतीत उलट हवे: जमीन कोणाची यापेक्षा पायांनी तिथे कोण येणार हे विचारावे लागते. शाळेतली मुले, मूर्तिकारखान्यांतले कामगार, भाजीवाल्या, पेन्शनर, आदिवासी वाड्यांवरून बाजाराला येणारी माणसे यांना ‘कोणती जागा हवी’ असे विचारले तर बहुतेक जण घराजवळची सांगतील. ‘संध्याकाळी सातनंतर कुठपर्यंत एकटे जाता’ असे विचारले तर उत्तर कामाचे मिळते.

जागा पक्की झाल्यावर कागद उरतात. दानपत्राने मिळालेली जमीन असेल तर दानाच्या अटी वाचाव्या लागतात; नाव देण्याची, ठरावीक समाजाला प्राधान्याची किंवा जमीन परत घेण्याची अट पुढे सभागृहाला नडते. गुरचरण असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या जगपाल सिंग निकालानंतर तिच्या वापराला कडक बंधने आहेत. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर नगरपरिषदेचे नाव, मोजणीचा नकाशा, जागेवरच्या खुणा आणि अग्निशमन गाडी वळेल एवढा रस्ता, हे सगळे निविदा काढण्यापूर्वी हातात असावे लागते. त्याच ठरावात भाड्याचा दर, अनामत रक्कम आणि महिन्यातले किती दिवस दालन लग्नाव्यतिरिक्त कामांसाठी राखून ठेवायचे हेही लिहून ठेवायचे असते, कारण इमारत एकदा ठेकेदाराकडे चालवायला गेली की ते दिवस परत मागून मिळत नाहीत.